सातबाऱ्यावरची छोटी

छोटीचं नाव सातबाऱ्यावर लागलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. नावापुढे तलाठ्यानं तीन अक्षरं लिहिली होती, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्यापुढे काकूचं नाव. तो उतारा आजीला मीच वाचून दाखवला. तेव्हा मी सोळा वर्षांची होते.

"अज्ञान म्हंजे काय गं?" आजीनं विचारलं.

"लहान आहे, कळत नाही अजून, असं."

"मोठी झाल्यावर काढत्यात का ते?"

"काढतात."

"मग ध्यानात ठेव. तूच काढून दे तिला."

ही २००४ सालची गोष्ट. त्या उन्हाळ्यात काका विहिरीत मोटार उतरवताना दोर तुटून खाली गेले. आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं. पाऊस कमी, विहिरी खोल, बाजरी आणि कांदा ही मुख्य पिकं. माझे वडील, म्हणजे नाना, आणि काका यांच्या वाटण्या १९९६ मध्येच झाल्या होत्या. आजोबांच्या आठ एकरांतले चार नानांचे, चार काकांचे. आत्यानं तेव्हा दोघा भावांना हक्कसोड लिहून दिली होती. त्या बदल्यात तिला एक जरीकाठी साडी मिळाली आणि माहेरचं दार उघडं राहिलं. हे ती स्वतः पुष्कळदा सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज प्रत्येक वेळी थोडा बदलायचा. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

काका गेल्यावर त्यांच्या चार एकरांना तीन वारस लागले. आजी, काकू आणि छोटी, तिघींचा सारखा हिस्सा. गावात काही जण म्हणाले, पोरीचं नाव कशाला लावता, ती उद्या लग्न होऊन जाणार. पण बापाच्या वाट्यातला मुलीचा हिस्सा १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच आहे. तलाठ्यानं तो लावला आणि विषय मिटला. निदान तेव्हा तसं वाटलं.

काकू माहेरी गेली नाही. भाऊ दोनदा न्यायला आले, तिनं दोन्ही वेळा त्यांना जेवू घालून परत पाठवलं. पहाटे उठून दोन गायींच्या धारा, मग रान. कांद्याची रोपं लावताना बायकांच्या ओळीत ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि छोटी बांधावर बाभळीखाली पाटी घेऊन बसलेली असायची. आजी त्यांच्याकडेच राहायची. आमचं घर मध्ये एक गोठा सोडून पलीकडे. मी दिवसाचा अर्धा वेळ तिकडेच. छोटीची वेणी मी घालायचे, तिला बाराखडी मी शिकवली. बहीण म्हणून मला जी माया येते ती सख्ख्या बहिणीआधी छोटीची येते, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते याच्याशी जुळत नाही.

२००९ मध्ये आजीनं आपला हिस्सा छोटीच्या नावे सोडला. कुणाला न सांगता ती काकूबरोबर जीपमध्ये बसून सिन्नरला गेली आणि संध्याकाळी निळा अंगठा घेऊन परत आली. नाना त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना वाटत होतं, आईचा हिस्सा आपल्याकडे येईल. ते ओट्यावर बसून एकच बोलत राहिले, "पोरीच्या नावावर म्हंजे जावयाच्या नावावर. बापाची जमीन परक्याच्या घरात घातली."

माझं डी.एड. तेव्हा नुकतंच झालं होतं. त्याच्या फीसाठी नानांनी दोन वर्षं मला आजीसमोर ऐकवलं होतं. मी आजीला एकटं गाठलं आणि विचारलं, "मला का नाही काही दिलंस?"

आजी तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता म्हणाली, "तुला भाऊ आहे. तिला कोण आहे?"

पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. मला भाऊ होता म्हणून मला जमिनीची गरज नव्हती, असा त्याचा अर्थ. आणि छोटीला भाऊ नव्हता म्हणून तिला जमीन मिळाली. मला त्या दिवशी छोटीचा हेवा वाटला. अकरा वर्षांच्या पोरीचा. तिच्या बापाचं मरण आणि तिच्या आईचे फाटलेले हात डोळ्यांसमोर असताना वाटला.

२०११ मध्ये माझं लग्न झालं आणि मी नाशिकला आले. २०१३ मध्ये नाना गेले. वर्षश्राद्धानंतर दादानं फोन केला, "मंगळवारी ये सिन्नरला, सह्या करायच्यात." कसल्या सह्या, हे मी विचारलं नाही. रजिस्टर ऑफिसात आम्ही दोघी बहिणी बाकावर बसलो. २०० रुपयांच्या स्टँपवरचा मजकूर आधीच टाइप झालेला होता. ऑपरेटरनं कॅमेऱ्यात बघायला सांगितलं, अंगठे घेतले, दहा मिनिटांत झालं. बाहेर दादानं आम्हाला मिसळ खाऊ घातली आणि वहिनीनं घेतलेल्या साड्या दिल्या. माझी मोरपंखी. नाना २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर वारले, म्हणजे त्यांच्या जमिनीत मुलगी म्हणून माझा हिस्सा दादाइतकाच होता. हे मला त्या दिवशी कागदावर वाचता आलं असतं. मी शिक्षिका आहे, रोज मुलांना वाचायला लावते. तो कागद मी वाचला नाही.

२०१५ मध्ये आजी गेली. त्याच सुमारास समृद्धी महामार्गाची घोषणा झाली. मुंबई ते नागपूर, ७०१ किलोमीटर. आमच्या तालुक्यात आधी फक्त अफवा होत्या, मग मोजणीवाले आले. शिवड्यात लोकांनी मोजणी रोखून धरली, आमच्या गावात अर्धे विरोधात आणि अर्धे भाव विचारत. सरकारनं थेट खरेदी सुरू केली. भूसंपादन कायद्याच्या चौपट मोबदल्यावर आणखी पंचवीस टक्के, म्हणून सगळे त्याला 'पाचपट' म्हणायचे. १२० मीटर रुंदीचा तो पट्टा दादाच्या रानाचा एक कोपरा आणि छोटीच्या रानाचा मधला भाग घेऊन जाणार होता.

२०१६ ला छोटीला अठरा वर्षं पूर्ण झाली. आजीचा शब्द मी पाळला. मी सुट्टी काढून गावी गेले आणि आम्ही दोघी तलाठ्याकडे गेलो. शाळेचा दाखला, आधार, अर्ज. आदल्या रात्री तिनं वहीच्या शेवटच्या पानावर सही घोटली होती. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पूर्ण, मराठीत, 'र'ची शेपटी लांब ओढून. पानभर तेवढंच. फेरफार मंजूर होऊन नवा उतारा आला तेव्हा नावापुढचं ते तीन अक्षरांचं शेपूट गेलेलं होतं. तिनं उतारा कपाळाला लावला.

आता सगळ्यांना ती आठवू लागली. पाच-पाच वर्षं तिकडे न फिरकलेली माणसं काकूच्या ओट्यावर चहा पिऊ लागली. माझी आई, जिनं कधी काकूला वाटीभर साखर सहज दिली नव्हती, ती छोटीला आवडतात म्हणून धपाटे पाठवू लागली. आणि आत्या आली. तिचा मुलगा छोटीपेक्षा सहा वर्षांनी मोठा, नाशिकला गॅरेजमध्ये. आमच्याकडे मामाची मुलगी भाच्याच्या हक्काची समजतात. आत्या तेच म्हणाली, "माझ्या भावाची लेक आहे, माझ्याच घरात यायला पाहिजे." काकूनं पोरीचं शिक्षण पुरं होऊ दे म्हणून टाळलं. मला तेव्हा आत्या फक्त लोभी वाटली होती. आता वाटतं, १९९६ मध्ये साडीवर सोडलेलं आपल्या सुनेच्या पावलानं परत येईल, असा तिचा हिशेब असावा. तिच्या हक्काचं होतंच ते. फक्त ती चुकीच्या माणसाकडून मागत होती.

दादानं वेगळी वाट धरली. त्याला कुणीतरी सांगितलं की बाप २००५ च्या आधी गेला असेल तर मुलीला काही मिळत नाही. त्यानं आजीच्या हक्कसोडीच्या जुन्या फेरफारावर प्रांताकडे अपील केलं, आजीला फसवून अंगठा घेतला असं म्हणून. अपील चालू, म्हणजे छोटीच्या रानाची खरेदी अडली. दादाच्या स्वतःच्या कोपऱ्याची खरेदी मात्र झाली. त्या उताऱ्यावर माझं नाव राहिलंच नव्हतं, त्यामुळे मला कुणी विचारायचा प्रश्न नव्हता. मला बातमी कळली ती नव्या स्लॅबचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा.

२०१७ च्या भाऊबीजेला मी माहेरी गेले. ओवाळलं. ताटात दादानं पाचशेची नोट टाकली. नव्या टाइल्सचा वास येत होता, बाहेर ट्रॅक्टर उभा होता. आई स्वयंपाकघरात कुरकुरत होती, "तिकडं एकट्या पोरीच्या खात्यात इतके लाख येणार, आणि माझ्या लेकाला कोपऱ्यावर भागवायला लागलं." माझ्या लेकाला. माझ्या लेकीला असं ती म्हणाली नाही, आणि मी तिथं तिच्यासमोर करंज्या तळत उभी होते. मला जे लागलं ते आईचं, दादाचं लागलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते छोटीबद्दल. मी म्हणाले, "तिचे लाख कुठं जातील बघा. तिचं कॉलेजात आहे कुणीतरी."

छोटीनं ते फक्त मला सांगितलं होतं. मुलगा तिच्याच वर्गातला, माळेगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून शिकणारा. जात वेगळी, घरी एक गुंठा जमीन नाही. एका पावसाळ्यात एसटी चुकली तेव्हा त्यानं तिला सायकलवरून वस्तीच्या फाट्यापर्यंत सोडलं होतं आणि पूर्ण रस्ता तो स्वतः चालत आला होता, सायकल हातात धरून, ती वर बसलेली. हे सांगताना तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. करंज्यांच्या कढईपाशी मी ते सगळं एका वाक्यात विकलं.

चौथ्या दिवशी आत्या सुपारी फोडायला आली.

मी तिथं होते. आईनं मुद्दाम थांबवून घेतलं होतं, पोरीला समजावायला. काकूनं आदल्या दिवशी छोटीच्या तोंडात मारली होती, गाल सुजलेला दिसत होता. काकूलाही तो मुलगा नको होता, हे खोटं कशाला सांगू. तिनं तेरा वर्षं एकटीनं राखलेलं सगळं एका पोराच्या हाती जाईल, याची तिला धास्ती होती. ओट्यावर पाच-सात पुरुष, पाट, नारळ, सुपारी. छोटी दारात येऊन म्हणाली, "आत्या, मला नाही करायचं."

आत्या म्हणाली, "जमिनीचा माज आलाय पोरीला."

कुणी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "तिला त्या पोराशी करायचं ना, करू दे. जमीन आमच्या नावावर लिहून दे म्हणावं, आणि जा कुठं जायचं तिथं. मी अपीलही मागं घेतो."

मग काकू उठली. तिनं आतून पत्र्याच्या पेटीतली प्लास्टिकची पिशवी आणली. सातबारे, आठ-अ, सोसायटीच्या पावत्या, वीजबिलं, काकांच्या मृत्यूचा दाखला, सगळं त्या एका पिशवीत. ती पिशवी मांडीवर घेऊन ती पाटावर बसली, जिथं नवऱ्या मुलाला बसवायचं होतं तिथं, आणि दादाला म्हणाली, "तुझ्या काकाला विहिरीतनं वर काढलं तेव्हा तू दोर धरला होता. म्हणून मी तुला आजवर उलटून बोलले नाही. पण हे ऐक. माझ्या नावचं ते माझं. तिच्या नावचं ते तिचं. ती कुणाशी लग्न करती ते मी आणि ती बघू. तिला मारायचं तर मी मारीन. तुम्ही नारळ उचला."

आत्यानं नारळ उचलला. जाताना तिनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, भावाच्या घराचा उंबरा म्हणून. तो नमस्कार मला अजून दिसतो.

छोटी माझ्याकडे बघत होती. कुणी सांगितलं ते तिला विचारायची गरजच नव्हती. पुढचे आठ महिने तिचा फोन नाही, माझेही तिनं उचलले नाहीत. मी मेसेज लिहायचे आणि पुसायचे. माफ कर, एवढं लिहायला मला आठ महिने पुरले नाहीत.

२०१८ च्या पावसाळ्यात दादाचं अपील फेटाळलं गेलं. नोंदणी झालेला दस्त फेरफाराच्या भांडणात रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात जा, असं प्रांतांनी लिहिलं. काकांची जमीन १९९६ च्या वाटणीनं त्यांची एकट्याची झाली होती, त्यामुळे २००५ चा मुद्दाही उरला नाही. दादा कोर्टात गेला नाही. आणि एका रात्री छोटीचा फोन आला.

"ताई, बुधवारी खरेदी आहे. दोन ओळखदार लागतात. येशील?"

ओळखदार म्हणजे ही बाई हीच आहे, असं सही करून सांगणारं माणूस. माझ्या सहीनं दादा कायमचा तुटणार, हे मला माहीत होतं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." मी गेले.

तेच ऑफिस, तोच बाक. ऑपरेटर नवा. छोटी आत खुर्चीत बसली, दस्ताची सगळी पानं तिनं आधी वाचली. एका ठिकाणी गट नंबरातला आकडा चुकला होता, तो तिनं बोट ठेवून दाखवला. मागं रांगेतला माणूस चुळबुळ करत होता, तिनं घाई केली नाही. मग प्रत्येक पानावर सही. 'र'ची शेपटी तशीच लांब. मी शेजारी ओळखदाराची सही केली. बाहेर आलो तेव्हा पाऊस होता. पत्र्याखाली उभं राहून तिनं विचारलं, "ताई, तू इथंच सही केली होतीस ना? नानांच्या जमिनीची?"

"हो."

"तुला कुणी विचारलं होतं का, करायचीय का म्हणून?"

मी नाही म्हणाले. ती पुढे काही बोलली नाही. मी म्हणाले, "छोटे, मी सांगितलं होतं घरी, त्याच्याबद्दल."

"माहितीय," ती म्हणाली. "मला खूप दिवस कळत नव्हतं तू का केलंस ते. आज बाकावर तुझ्याकडे बघून कळलं." आणि तिनं छत्री उघडून माझ्यावर धरली. तिनं माफ केलं, असं मी म्हणणार नाही. पण छत्री धरली.

पैशातून तिनं शेततळं केलं, काकूच्या नावानं ठेव ठेवली, बी.कॉम. पुरं केलं. २०२१ मध्ये तिनं त्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तीस दिवसांची नोटीस लावून. नोटीस फळ्यावर होती तेवढे दिवस काकूला झोप नव्हती. लग्नाला काकू आली, मी आले, माझा नवरा आला. जमीन तिच्याच नावावर आहे. तिचा नवरा नोकरी सोडून शेतीत आला नाही, गावातल्या सगळ्या अंदाजांविरुद्ध. रविवारी येतो आणि काकूच्या शेजारी बसून कांद्याची पात कापतो. काकू त्याला अजून नावानं हाक मारत नाही, "अहो, ऐकलं का" म्हणते. त्याच्यासाठी भाकरी मात्र स्वतः थापते.

२०२३ च्या मे महिन्यात शिर्डी ते भरवीर टप्पा सुरू झाला आणि आमच्या रानांच्या मधून गाड्या धावू लागल्या. दादानं तेव्हापर्यंत माझ्याशी पाच वर्षं बोलणं टाकलं होतं. राखी पोस्टानं पाठवायचे, पोच यायची नाही. त्याच पावसाळ्यात आई गेली. दहाव्याला तो माझ्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लागला, आम्ही दोघंही रडलो आणि बोललो नाही.

नानांच्या वारशातला आईचा हिस्सा आईच्या नावावर राहिला होता. ती गेल्यावर त्याला वारस आम्ही तिघं, दादा आणि आम्ही दोघी बहिणी. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. नंबर बघून माझे हात थरथरले. त्यानं तब्येत विचारली, पोरांचं विचारलं, वहिनीनं लोणचं घातलंय म्हणाला. मग म्हणाला, "पुढच्या मंगळवारी ये सिन्नरला. सह्या करायच्यात."

मला त्याचा आवाज ऐकून इतकं बरं वाटलं होतं की क्षणभर हो म्हणणारच होते.

"दादा," मी म्हणाले, "कागद आधी घरी पाठव. मी वाचते."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पाठवतो पोराबरोबर."

काल भाचा कागद देऊन गेला. छोटी रविवारी नाशिकला येणार आहे. मी तिला सांगितलंय, चष्मा घेऊन ये, आपण दोघी मिळून वाचू.